शेवटचा डबा

माझ्या दुकानासमोरचं रेल्वे फाटक बंद झालं तेव्हा त्याच्यावर पाटी लागली होती, 'दुरुस्तीसाठी तात्पुरते बंद'. उन्हाने ती आता इतकी विटली आहे की 'तात्पुरते' हा शब्द तेवढा उडून गेला आहे. पाटीला अक्कल आहे म्हणायची.

मी कपडे शिवते. मशीनवरून मान वर केली की फाटक, रूळ आणि पलीकडचा रस्ता दिसतो. पलीकडे माझा भाऊ राहतो आणि त्याच्याकडे आई. पूर्वी तो कामावर निघाला की आई रूळ ओलांडून माझ्याकडे यायची, दुपारभर शर्टांना बटणं लावायची आणि तो परतायच्या वेळी घरी जायची. दिवस माझा, रात्र त्याची. आम्ही हे न बोलता वाटून घेतलं होतं. फाटक बंद झालं आणि ही वाटणी मोडली. वळसा घालून यायचं तर पूल लांब, आणि आईच्या गुडघ्यांनी तर उद्याच पोहोचायचं.

रेल्वेच्या ऑफिसात गेलं की सांगतात, फाटक आमचं, पण रस्ता खचलाय, तो पालिकेने करायचा. पालिकेत गेलं की म्हणतात, रस्ता आमचा खरा, पण रुळांपाशी पोहोचला की तो आमचा राहत नाही. "मग मधला तुकडा काय आभाळातून पडला?" असं मी विचारलं. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

भावाचा फोन यायचा. "तू दिवसभर तिथेच बसतेस. तिच्याकडे जरा बघायला काय होतं?"

"बघतेच आहे. रुळांच्या या बाजूने. तू रजा घे."

"माझी ड्युटी तू करणार?"

"आणि माझी गिऱ्हाईकं तू सांभाळणार?"

फोन ठेवला की लक्षात यायचं, त्या दोन ऑफिसांत आणि आमच्यात काडीचा फरक नाही. मग राग आणखीच चढायचा, आणि सुईत दोरा ओवला जायचा नाही.

आमचे वडील याच फाटकावर गेटमन होते. केबिनमागच्या खोलीत आम्ही वाढलो. त्यांचा नियम एकच, शेवटचा डबा डोळ्यांनी बघितल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. शेवटच्या डब्यामागे खूण असते. ती दिसली की गाडी पुरी गेली, वाटेत काही सुटलं नाही. आईने तो नियम घरातही आणला. सगळे घरात आल्याशिवाय ती दाराला कडी लावत नसे. मी शाळेतून रमतगमत यायची. मला बघितलं की म्हणायची, "आला माझा शेवटचा डबा," आणि कडी लावायची.

हल्ली तिच्या डोक्यात वर्षांची सरमिसळ झाली आहे. वडील जाऊन किती काळ लोटला, पण फाटक बंद दिसलं की तिच्या लेखी गाडी येणार असते, वडील केबिनमध्ये असतात, आणि आपण थांबायचं असतं. म्हणून रोज दुपारी ती पलीकडे येऊन उभी राहायची. डोक्यावर पांढरी छत्री. मी हाका मारायची. ती ओळखीपाळखीच्या बाईला करावा तसा हात करायची आणि पुन्हा रुळांकडे बघायची. दुपार पेंगुळलेली असायची. रुळांवरची हवा हलायची, आणि तिच्यात छत्री, आई, मागची घरं सगळंच तरंगायचं. माझं मशीन आपोआप थांबायचं. कधी वाटायचं, मी सहा-सात वर्षांची आहे, वडील आत्ता झेंडा घेऊन बाहेर येतील. मग कुणीतरी शेजारी तिला हाताला धरून घरी न्यायचं, आणि माझ्या लक्षात यायचं की हातातली बाही मी उलटी जोडली आहे. एक दिवस कुणी शेजारी आला नाही तर? जीव टांगणीला लागायचा.

मग एकदाची दोन्ही ऑफिसांची एकत्र पाहणी ठरली. रेल्वेचे साहेब आले, पालिकेचे इंजिनिअर आले, आणि आमची सगळी गल्ली जमली. दोघांची एकमेकांकडे बोटं दाखवून झाली. समोर आई छत्री घेऊन उभीच होती.

तेवढ्यात मालगाडी आली. लांबलचक, आळसावलेली. डब्याडब्यांच्या फटींतून छत्री दिसे, नाहीशी होई, पुन्हा दिसे. आमची बोलणी त्या आवाजात बुडाली. शेवटचा डबा गेला. त्याच्यामागची खूण मीही बघितली.

फाटक काही उघडलं नाही. आईने केबिनकडे बघितलं, थोडं थांबली, आणि मग मी लहानपणी ऐकलेल्या आवाजात ओरडली, "अहो, झोपलात का? शेवटचा डबा गेला. मी बघितलाय. उघडा! काही झालं तर माझ्यावर घाला!"

इतक्या दिवसांत हे वाक्य दोन्ही ऑफिसांतल्या कुणाच्याच तोंडून निघालं नव्हतं.

फाटकाच्या कडेला माणसांपुरतं छोटं दार आहे, तसंच पलीकडेही. दोन्ही तारेने करकचून बांधलेली. मी विचारलं, "ही तार कुणाची?"

"आमची नाही," साहेब लगेच म्हणाले.

"आमचीही नाही," इंजिनिअरनी कानांवर हात ठेवले.

"म्हणजे कुणाचीच नाही," मी म्हणाले, आणि शेजारच्या सायकलवाल्याकडे बघितलं. तो पक्कड घेऊनच उभा होता. त्याने आमच्या बाजूची तार तोडली, रूळ ओलांडून तिच्या बाजूचीही तोडली.

आईने छत्री मिटली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि सावकाश चालत आली. माझ्यापुढे थांबली. मला ओळखलं नाही, हे मला दिसलं.

"कुणाकडे जायचंय?" तिने विचारलं.

खिशात फोन वाजत होता. भावाचा असणार. मी तो वाजू दिला.

"माझ्याकडे. राहायलाच."

ती दुकानात आली, खुर्चीवर टेकली आणि दाराकडे बघत राहिली. "सगळे आले का? कडी लावायची राहिली आहे."

"आले सगळे," मी म्हणाले. "तूच यायची राहिली होतीस. शेवटचा डबा."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग उठली आणि दाराला कडी लावली.