चारुकाकांचं निरामय

चारुदत्तकाका जिल्हा परिषदेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टर झाले. त्यासाठी त्यांना फक्त एक मोबाईल लागला. 'निरामय कळंब' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांनी काढला आणि त्यात रोज सकाळी काढे, रस, चूर्णं ओतायला सुरुवात केली. नोकरीत जावक क्रमांक पाहिल्याशिवाय कागदाला हात न लावणारा हा माणूस. पण मोबाईलवर आलेल्या मजकुराला त्यानं कधी बापाचं नाव विचारलं नाही.

त्यांची पुतणी आभा कळंबच्याच कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवायची. तिला अकराव्या वर्षापासून टाइप वन मधुमेह होता. या आजारात शरीर इन्सुलिन बनवत नाही, ते बाहेरून घ्यावंच लागतं, ही साधी गोष्ट तिनं काकांना तीनदा समजावली होती. तिन्ही वेळा काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कारल्याचा रस पाठवून दिला.

कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली त्या साली बाभुळगावकडच्या शेतकरी मारोतरावांची मुलगी समीक्षा अकरावीला कळंबला, आभाच्याच महाविद्यालयात आली. काकांच्या घराची मागची खोली तिनं भाड्यानं घेतली. पोळ्याच्या सुमारास तिला आभाचाच आजार निघाला. डोस डॉक्टरांनी ठरवून दिला, रोजचं शहाणपण आभानं दिलं. लोडशेडिंगमध्ये इन्सुलिनची बाटली डब्यात बंद करून माठात कशी ठेवायची, ते दाखवलं. लहान मुलांच्या मधुमेहाचे डॉक्टर चालवायचे असं एक इंग्रजी संकेतस्थळ दाखवलं. तिथे प्रत्येक पानाखाली लिहिणाऱ्याचं नाव होतं, पान शेवटचं केव्हा तपासलं ती तारीख होती, आणि विकायला काहीही नव्हतं. 'ताप-उलटी झाली तरी इन्सुलिन बंद करायचं नाही' हे पान आभानं तिला मराठीत उतरवून दिलं.

एका सकाळी काकांनी समीक्षाला अंगणात सुई टोचताना पाहिलं.

"बेटा, जन्मभर भोकं पाडून घेणार का? सवय लागते याची. हा व्हिडिओ बघ, चाळीस दिवसांत सुटतं."

व्हिडिओत पांढरा कोट घातलेला एक माणूस हसत होता. कोटावर नाव नव्हतं. खाली पावडर मागवायचा नंबर होता, आणि काकांकडे पावडरीचा डबा आधीच येऊन पडला होता. सोळा वर्षांच्या पोरीला हेच ऐकायचं होतं. तिनं डबा घेतला आणि सुई बंद केली.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत समीक्षाला उलटी झाली. ती धापा टाकत होती आणि तिच्या श्वासाला सडक्या फळांसारखा वास येत होता. आभानं स्वतःच्या मीटरवर तिची साखर तपासली. आकडा आलाच नाही. मोजता येणार नाही इतकी जास्त, एवढंच यंत्रानं सांगितलं.

"इन्सुलिन केव्हा घेतलंस?"

"परवा... काकासाहेबांनी सांगतलं..."

पुढचं आभानं ऐकलं नाही. एका सहकाऱ्याच्या गाडीत घालून तिनं समीक्षाला यवतमाळला नेलं. दोन दिवस पोरगी अतिदक्षता विभागात सलाइनवर होती. आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका दवाखान्यात आले. इस्त्रीचा सफारी, हातात दुधी भोपळ्याच्या रसाची बाटली. बाकावर मारोतराव आणि त्यांची बायको विजयमाला बसले होते.

"मी फक्त फॉरवर्ड केलं होतं," काका म्हणाले. "आणि तिनं पावडर नियमित घेतलीच नसणार."

मारोतराव उठले. "साहेब, मी बियाण्याची थैली घेतो त कंपनी पाह्यतो, लॉट नंबर पाह्यतो, तारीख पाह्यतो. तरी औंदा अळीनं बोंड फोडलंच. तुमी माह्या पोरीची सुई बंद केली. कोनं सांगतलं होतं तुमाले? नाव सांगा त्याचं."

काकांनी मोबाईल काढला. बराच वेळ बोट वरखाली फिरवलं. नाव सापडलं नाही. मग म्हणाले, "एवढं निगेटिव्ह होऊ नका."

विजयमालाबाईंनी रसाची बाटली उचलून त्यांच्या हातात परत ठेवली. "हे तुमीच प्या."

समीक्षा बरी झाली आणि मुलींच्या वसतिगृहात राहायला गेली. सामान हलवताना ती आभाला म्हणाली, "मॅडम, मले ते खरं वाटलं नोतं. पन खरं असावं असं लय वाटत होतं."

आभा रागावली नाही. अकराव्या वर्षी तिलाही तसंच वाटलं होतं. फक्त तेव्हा काकांकडे मोबाईल नव्हता. दोघींनी मिळून त्या संकेतस्थळावरची आणखी पानं मराठीत आणली, डॉक्टरांकडून तपासून घेतली, खाली नावं आणि तारीख घातली आणि ज्यांच्या मुलांना अशी सुई लागते त्या चार घरांत पाठवली. पानं 'निरामय कळंब'वरही टाकली. काकांनी ती काढून टाकली. कारण दिलं, मजकूर फार लांब आहे.

संक्रांतीला सगळं कुटुंब काकांकडे जमलं. पुतणे, सुना ओळीनं वाकून तिळगूळ घेत होते. आभा दारातच उभी राहिली.

"अगं, नमस्कार कर," काकू म्हणाल्या. "वयानं मोठे आहेत ते."

"हो," आभा म्हणाली, "वयानं आहेत."

आणि चपला घालून निघाली.