समोरच्या कॅप्टनची परवानगी

वॉरबरोच्या संघानं त्या वर्षी अजिंक्यपदाचं निशाण जिंकलं आणि गावाला वेड लागलं. गिरणीवाल्यांनी भोंगे वाजवले, खाटकानं कॅप्टन कॉन हॅनरटीच्या घरी न मागता खारवलेलं मांस पाठवलं. शेजारची ग्रोगनबाई आजवर बेसबॉलला रिकामटेकड्यांचा धंदा म्हणत आली होती. ती धावत येऊन कॉनची बायको डीलिया हिच्या गळ्यात पडली. "तुझा नवरा म्हणजे हिरा आहे गं, हिरा!"

डीलिया त्या हिऱ्याचे मोजे धूत होती. तिनं ते बादलीत आपटले.

काय बोलणार? हरलेल्या केल्सो संघाचा कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागे वाकून बॉल झेलणारा, बार्नी फीली तिचा सख्खा भाऊ होता. आईबाप तापानं गेले तेव्हा त्यानं दगडाच्या खाणीत छिन्नी धरून तिला लहानाची मोठी केली. कॉनला घरी जेवायला आणून तिचं लग्न जुळवलं तेही त्यानंच. उन्हाळाभर दोघं एकमेकांविरुद्ध खेळत आणि थंडीत एकाच चुलीशी बसून एकमेकांची टर उडवत. पूर्वी लोक हा खेळ हौसेनं खेळायचे. आता पगार घेऊन खेळायला लागले होते, आणि पगार घेतला की हसतखेळत हरायची सोय उरत नाही.

शेवटच्या सामन्याला दोन्ही संघ बरोबरीत होते. जो जिंकेल त्याचं निशाण. डीलिया बायकांच्या बाकांवर बसली होती. सातव्या डावात बॅटची कड लागून बॉल वळला आणि बार्नीच्या उजव्या हातावर आदळला. त्या काळी कॅचर उघड्या हातांनीच झेलत, हातमोजा घालणाऱ्याला लोक बायल्या म्हणत. बार्नीची दोन बोटं मागे वळली आणि कातडीतून पांढरं हाड दिसलं. तिला तिथूनही दिसलं.

केल्सोचा राखीव कॅचर बाकावर तयार बसला होता. मैदानावरच्या बाकीच्यांत त्यांच्या गोलंदाजाचे तडाखे झेलण्याची धमक कुणात नव्हती. पण इतक्या उशिरा माणूस बदलायचा तर समोरच्या कॅप्टनची परवानगी लागे, मग आपला खेळाडू मेला तरी. पंच टोपी काढून कॉनकडे गेले. केल्सो एका धावेनं पुढे होतं. कॉननं क्षणभर जमिनीकडे पाहिलं.

"परवानगी नाही," तो म्हणाला.

बार्नीनं बोटांना फडकं बांधलं आणि तो पुन्हा वाकून उभा राहिला. आणखी दोन डाव त्यानं त्याच हातानं झेलले. शेवटच्या, नवव्या डावात बॉल दोनदा त्याच्या हातून निसटला, वॉरबरोच्या दोन धावा झाल्या आणि लोक मैदानात घुसले. संध्याकाळी डॉक्टरांनी ती दोन्ही बोटं काढली. बॉल गेला तो गेलाच, छिन्नीही गेली.

डीलियानं नवऱ्याशी बोलणं टाकलं. कॉन तसा वाईट माणूस नव्हता, तेच तर तिला सहन होत नव्हतं. वाईट असता तर तिनं केव्हाच बोचकं बांधलं असतं. तो सत्काराच्या जेवणाला जायचा, तिथून पडेल चेहऱ्यानं परत यायचा, आणि बिछान्यात छताकडे बघत पडायचा.

एका सकाळी तो म्हणाला, "डीली, तू बार्नीकडे जा. मी गेलो तर तो दार लावून घेईल."

"लावू दे की."

"नुसतं विचार, मी येऊ का म्हणून. एवढं माझ्यासाठी कर."

ती गेली, पण कॉनसाठी नव्हे. तिला बार्नीच्या तोंडून कॉनला घातलेल्या शिव्या ऐकायच्या होत्या. आपण दोघं मिळून त्या माणसाच्या नावानं बोटं मोडू, एवढीच तिची भूक होती.

बार्नी खोलीत डाव्या हातानं बटाटे सोलत बसला होता.

"ये. हे बघ, बटाट्यापेक्षा सालं जाड निघतात," तो म्हणाला. "निशाण कोणत्या रंगाचं केलंय गं?"

"आग लागो त्या निशाणाला. त्यानं तुझा हात घेतला, बार्नी."

"हात बॉलनं घेतला. त्यानं नियम सांगितला."

"एका शब्दानं वाचला असतास!"

"आणि त्याचं वर्षभराचं खेळणं त्या शब्दानं बुडालं असतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही नाहीच म्हणालो असतो. जमिनीकडेसुद्धा बघितलं नसतं." तो हसला. "कॉनला सांग, मनात काही ठेवू नकोस. मी शुक्रवारी दुपारच्या गाडीनं सेंट लुइसला चाललोय, चुलतभावाच्या गुत्त्यावर. त्याला स्टेशनवर घेऊन ये. हात मिळवल्याशिवाय मी जायचा नाही. डावा तर डावा."

परतताना तिच्या अंगाची लाही लाही होत होती. ज्याचा हात गेला तो हसतोय, ज्यानं घालवला तो सुटला, मग इतके दिवस ती एकटीच कुणासाठी जळत होती? आणि कॉन इतक्या स्वस्तात सुटणार?

कॉन दारातच उभा होता. "काय म्हणाला?"

"पाठ फिरवून बसला. त्या माणसाचं नाव माझ्यासमोर घेऊ नकोस म्हणाला."

कॉन पायरीवर बसला. मैदानात पन्नास जणांवर ओरडणारा तो माणूस दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागला. डीलिया आत गेली आणि तिनं कोबी शिजत टाकला. तिला वाटलं होतं, बरं वाटेल. तसं घटकाभर वाटलंही.

शुक्रवारी ती एकटीच स्टेशनवर गेली. बार्नीनं नवा कोट घातला होता, दाढी केली होती, डाव्या हातानं केल्यामुळे दोन ठिकाणी कापलंही होतं. तो तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिला. गाडीत चढल्यावरही खिडकीतून बघत राहिला.

"कॉन?"

"नाही आला."

"तू सांगितलंस ना त्याला? मी म्हणालो ते सगळं?"

अजून वेळ होता. गार्ड लांब उभा होता, इंजिनात पाणी भरत होते, कॉन घरीच होता आणि घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. खोटं बोलले म्हणायला किती वेळ लागतो? पण मग बार्नी तिच्याकडे ज्या नजरेनं बघेल ती नजर तिला झेपणार नव्हती.

"सांगितलं," ती म्हणाली.

बार्नीचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्या चेहऱ्याचा बार्नी तिनं आईबाप गेले तेव्हाही पाहिला नव्हता.

"म्हणजे त्यानं जाणूनबुजून केलं," तो म्हणाला. "मी मूर्ख, खेळ समजत बसलो. हरामखोर साला. माझ्या ताटात जेवला आणि माझा हात तोडून घेतला."

डीलियाला जे ऐकायचं होतं ते सगळं तो बोलला, शब्दन् शब्द. गाडी हलली तेव्हाही तो बोलतच होता. तिनं हात वर केला, पण त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.