पोटाखालची बादली

मित्रांनो, मी एक जुनी अमेरिकन गाडी आहे. बहरीनमध्ये अस्करच्या रस्त्याला, अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्याच्या अलीकडे, भंगाराचं एक आवार आहे. तिथे मी उभी आहे. एका बाजूला ट्रकचं नुसतं तोंड, दुसऱ्या बाजूला दारं नसलेले फ्रिज. माझी चाकं अजून आहेत, पण त्यांतली हवा गेली आहे. दोन दिवसांनी मोठ्या यंत्रात घालून माझा ठोकळा करणार आहेत. तोवर तुम्हांला माझी गोष्ट सांगते. कोणाला दोष देण्यासाठी नाही. दोष देण्याजोगं माझ्या गोष्टीत कोणीच नाही.

माझा जन्म १९७४ सालचा, अमेरिकेतल्या हार्लन नावाच्या कंपनीतला. माझं नाव कॅस्केड. अंगाने मी लांबरुंद, रंग गडद निळा, पुढे-मागे चकचकीत बंपर आणि आत इतका गार एसी की ऑगस्टच्या दुपारीही मागच्या सीटवर शाल लागावी. जहाजातून मी मीना सलमान बंदरावर उतरले. सिमेंटचा व्यापार करणाऱ्या एका अरबी गृहस्थांनी मला घेतलं. घरातली सगळी माणसं त्यांना अरबाब म्हणत, म्हणजे मालक.

मला घरी न्यायला जो ड्रायव्हर आला, तो रावजी. गुहागरकडचा, वीस-बावीस वर्षांचा. त्याने किल्ली लावण्याआधी पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या. बंदरावरचा माणूस हसला. रावजी म्हणाला, "हसू नको. हिच्यात पहिल्यांदा बसतोय."

रावजीला गाड्यांचं वेड होतं. हार्लन कंपनीचं रंगीत पुस्तक त्याने शोरूममधून मागून आणलं होतं. एकेक इंग्रजी अक्षर जुळवत त्याने ते पाठ केलं. दर वर्षी नवं पुस्तक आलं की तो ते घेऊन मीना सलमानला गनीभाईच्या गॅरेजात जायचा. गनीभाई दापोलीचा. हात काळे, दाढी पांढरी आणि जीभ तिखट. मला काही झालं की तोच बरं करायचा. पण स्वतः मात्र जपानी गाडी चालवायचा आणि रावजीला डिवचल्याशिवाय त्याचा चहा गोड लागत नसे.

"हार्लनवाल्यांचं काय चुकलं सांगू, गनीभाय?"

"नको सांगू म्हटलं तर गप राहणार हायस काय?"

"त्यांना मोठी गाडी करता येत होती. ऐसपैस, दणकट. तेल महागलं आणि ते घाबरले. घाबरलेल्या माणसाने धंद्याचा निर्णय घेऊ नये. कॅस्केड दोन हात आखूड केली. मग एकच गाडी चार नावांनी विकायला काढली. नाकाची जाळी वेगळी, दिवे वेगळे, आत सगळं तेच. एका नवऱ्याला चार फेटे बांधले म्हणून चार नवरे होतात काय?"

"आणि ती बारकी गाडी? पिपिट?"

"ती काढायलाच नको होती. हत्तीने उंदराचं सोंग घेतलं. बाजारात उंदीर काय कमी होते?"

"म्हणून सांगतो, तू उंदीरच घे. तुझा हत्ती पेट्रोल पीत नाय रे, पेट्रोलने अंघोळ करतो."

"पण पत्रा बघ, गनीभाय! पत्रा!" असं म्हणून रावजी माझ्या दारावर टकटक करायचा. "कंपनीने बाकी काय वाटेल ते केलं असेल, पत्र्यात खोट नाय केली." त्या टकटकीने मला किती बरं वाटायचं, काय सांगू!

मित्रांनो, आता मथुरेबद्दल सांगते. मथुरा ही रावजीची बायको. मुहर्रकला अरबाबांच्या घरामागे दोन खोल्या होत्या, तिथे ती राहायला आली. ती अरबाबांच्या आईची सोबत करायची आणि शिवणकाम करायची. बोलणं इतकं हळू की जवळ गेल्याशिवाय ऐकू येऊ नये. सकाळी उठून दिवा लावायचा, सोमवारी आणि एकादशीला उपास करायचा, आणि देवाला दिलेला शब्द कधी मोडायचा नाही, असं तिचं साधं जगणं होतं.

१९७७ सालच्या ऑगस्टमध्ये, ऐन दुपारी तिला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. अरबाबांनी किल्ली रावजीच्या हातात दिली आणि म्हणाले, "यल्ला!" समुद्रातून जाणाऱ्या पुलावरून मी धावले, तेव्हा खालचा रस्ता तव्यासारखा तापला होता. आत मथुरा देवाचं नाव घेत होती आणि रावजी माझं. आम्ही मनामाच्या दवाखान्यात पोहोचलो आणि पंधरा मिनिटांत मालूचा जन्म झाला. जरा उशीर झाला असता तर मायलेकी दोघी हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर मथुरा तान्ह्या मालूला घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. बंपरला कुंकू लावलं आणि हळूच म्हणाली, "माझ्या लेकीला तू जगात आणलंस. आजपासून तुझे पाय धुतल्याशिवाय मी तोंडात पाण्याचा थेंब घेणार नाही."

त्यांच्या गावी बैल रानातून घरी आला की त्याच्या पायांवर पाणी घालायची रीत आहे. मथुरेला मी त्या बैलासारखीच वाटले असेन. रोज पहाटे ती मागच्या नळावर बादली भरायची. माझ्या चारी चाकांवर एकेक तांब्या घालायची. मग वाकून उरलेली बादली माझ्या पोटाखाली सपकन मारायची. "दिवसभर तापल्या रस्त्यावर पळते बिचारी. पोटाला जरा गार वाटू दे," असं म्हणायची. वरचं अंग रावजी ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं करायचा. मी वरून आरशासारखी चमकायचे. माझ्या पोटाखाली बघायचं कारण कोणालाच नव्हतं.

नळाचं ते पाणी मचूळ, खारट होतं, मित्रांनो. त्या काळी तिथल्या नळांना बरेचदा असंच पाणी यायचं. त्यात डाळ शिजत नसे. पिण्याचं गोडं पाणी दारावर येणाऱ्या टँकरवरून डब्यांत भरून घ्यावं लागे आणि ते जपून वापरावं लागे. नळाचं पाणी अंघोळीला, धुण्याला आणि मला. पहिल्या वर्षी मला काही जाणवलं नाही. तिसऱ्या वर्षी पोटाखाली खाज सुटावी तसं झालं. पाचव्या वर्षी तिथला रंग सुटून गळाला. मला बोलता येत नव्हतं. आणि खरं सांगू? बोलता आलं असतं तरी मी बोलले असते की नाही, कोण जाणे. इतक्या मायेने कोणी पाय धुतं तेव्हा ते पाणी कसलं आहे असं कसं विचारावं?

१९८३ साली हार्लनने कॅस्केड करणं बंद केलं. दोन कारखान्यांना कुलूप लागलं. बहरीनचं शोरूम गेलं आणि त्या जागी गालिच्यांचं दुकान आलं. अरबाबांनी नवी जपानी गाडी घेतली. रावजीच तिचाही ड्रायव्हर झाला. मला मात्र अरबाबांनी त्याला देऊन टाकलं. म्हणाले, "ही तुझ्याशिवाय कोणाचं ऐकणार नाही."

त्या दिवशी रावजी रडला. पुढे दर शुक्रवारी तो मला झल्लाकच्या समुद्रावर न्यायचा. मागच्या सीटवर मालू पाय सोडून बसायची. ती इंग्रजी शाळेत जायची. मराठी सगळं कळायचं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत. "बाबा, एव्हरीबडी हॅज अ स्मॉल कार."

"असू दे. तुझा जीव मोठीने वाचवलाय."

१९८८ साली माझ्या पासिंगचा दिवस आला. दर वर्षी दिवे, ब्रेक, हॉर्न बघून शिक्का मारत. त्या वर्षी पासिंगच्या जागी नवा खड्डा बांधला होता. खाली माणूस उतरला. हातात लहानशी हातोडी. त्याने माझ्या पोटावर एकदा मारलं, दोनदा मारलं, आणि तिसऱ्यांदा हातोडी आत गेली ती आतच राहिली.

तो वर आला. चांगला माणूस होता. रावजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मफी फायदा, सदीक." म्हणजे, आता उपयोग नाही, मित्रा. पंधरा दिवसांत दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर माझी नंबरप्लेट काढून घेणार होते.

रावजीने मला हळूहळू, खड्डे चुकवत गनीभाईच्या गॅरेजात आणलं. खिशातून हार्लनचं ते जुनं पुस्तक काढलं आणि तेलाच्या पिंपावर फेकलं.

"तू खरा ठरलास, गनीभाय. पत्रा हलका घातला त्यांनी. चौदा वर्षं मी ह्या लोकांची बाजू घेतली. चोर साले! कंपनी खलास झाली ते बरंच झालं."

गनीभाईने तोंड उघडलं. चौदा वर्षांचा टोमणा ओठांवर आला असेल. पण रावजीचा चेहरा बघून तो नुसता म्हणाला, "सकाळी खाली उतरून बघतो. तू जा घरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गनीभाई गॅरेजातल्या माझ्याखालच्या खड्ड्यात उतरला. डोक्यावर बॅटरी, हातात पत्र्याची पट्टी. रावजी चहा आणायला गेला होता. तेवढ्यात दारात मथुरा आली. मी घरी नव्हते म्हणून तिचा नेम थांबणार थोडाच! मुहर्रकहून बसने आली होती. हातात नळाच्या पाण्याचा डबा आणि तांब्या. तोंडात थेंब नाही. गॅरेजात कोणी दिसेना. तिने नेहमीसारखं चार चाकांवर पाणी घातलं, वाकली, आणि उरलेला डबा माझ्या पोटाखाली सपकन मारला.

"या अल्ला!" खड्ड्यातून आवाज आला.

"अगं बाई! भावजी, तुम्ही खाली आहात होय?"

"होतो! आता न्हाऊन वर येतो!"

गनीभाई दाढी निथळत वर आला. हसत होता. मग त्याने ओठांवरून जीभ फिरवली आणि त्याचं हसू थांबलं. त्याने हातातल्या पट्टीकडे पाहिलं. माझ्या पोटाचा खरवडलेला पांढरा थर तिच्यावर होता. त्याने बोट लावून तोही चाखला. मग तांब्याकडे बघितलं. मग मथुरेकडे.

"भाबी, रोज घालता?"

"अकरा वर्षं झाली. एक दिवस चुकला नाही."

रावजी चहाचे ग्लास घेऊन आला. "बोल गनीभाय. पत्रा कुचका होता ना? बोल."

गनीभाईने पट्टी पाठीमागे लपवली. मित्रांनो, त्या तिखट जिभेच्या माणसाला मी त्या दिवशी पहिल्यांदा ओळखलं. "वय झालं रे तिचं," तो म्हणाला. "माणसाचं होतं, गाडीचं नाय होणार?"

पण मथुरेने ती पट्टी पाहिली होती. ती पुढे झाली, त्याच्या हातातून ती घेतली आणि बोटाने थर चोळला.

"माझ्या हंड्याच्या बुडाला हाच थर बसतो," ती हळूच म्हणाली. "दर शनिवारी चिंच लावून घासते मी तो." मग ती रावजीकडे वळली. "कंपनीला चोर म्हणू नका. त्यांनी काही केलेलं नाही. मी केलं. रोज पहाटे, स्वतःच्या हाताने."

रावजीने चहाचे ग्लास पिंपावर ठेवले. चहावर साय धरली. मला वाटलं, आता हा माणूस तिला काय बोलेल! त्याने तिला बोलण्यापेक्षा मी इथेच मोडून पडावं, असं मला वाटलं.

रावजी खाली बसला. म्हणाला, "मीही रोज बघत होतो की. आपल्या गावची विहीर गोडी होती, मथुरे. पाणी म्हणजे पाणीच, असं समजून आलो आपण दोघं." मग एकदम मान वर करून, लहान मुलासारखं त्याने विचारलं, "गनीभाय, म्हणजे... पत्रा चांगला होता?"

गनीभाईने डोळे पुसले. "अकरा वर्षं मीठ खाऊन उभी राहिली. माझी जपानी चार वर्षांत बसली असती. एक नंबर पत्रा होता, रावजी. आज वेल्डिंग धरायलाही उरला नाय, पण होता एक नंबर."

रावजी उठला. पिंपावरचं पुस्तक त्याने उचललं, त्यावरचं तेल शर्टाने पुसलं आणि ते परत खिशात ठेवलं.

पंधरा दिवस संपले. माझी नंबरप्लेट गेली आणि मी इथे आले.

काल शुक्रवार होता. सकाळीच ती तिघं आवारात आली. मथुरेच्या हातात पिण्याच्या पाण्याचा डबा होता. आठवड्याचं गोडं पाणी. घेतलेला नेम तिला अर्धा सोडायचा नव्हता; त्याचं उद्यापन करायचं होतं. तिने आधी तळहातावर चार थेंब घेऊन चाखून बघितले. मग माझ्या चारी चाकांवर एकेक तांब्या घातला. या वेळी पोटाखाली पाणी मारलं नाही. धुळीत गुडघे टेकून ती वाकली, पदराचं टोक गोड्या पाण्यात भिजवलं आणि हात पुरेल तिथवर माझं पोट पुसून काढलं. जिथे हातोडी गेली होती, तिथे तिची बोटं जरा वेळ थांबली. "चुकलं गं माझं," ती म्हणाली.

मालू बघत होती. "आई, कॅन शी टेस्ट इट?"

"कळतं तिला, बाळा. बोलत नाही त्याला जास्त कळतं."

मित्रांनो, कळलं मला. चौदा वर्षांत पहिल्यांदाच. गोडं पाणी अंगावरून जाताना कुठेच चुरचुरत नाही, मागे काही ठेवत नाही. मथुरेने उरलेलं पाणी तिघांच्या ओंजळीत घातलं आणि शेवटी स्वतः प्यायली. निघताना रावजीने माझ्या दारावर टकटक केली. अजूनही खणखणीत वाजलं ते.

तुमच्या घरीही कोणी मुकं असेल. गाय असेल, झाड असेल, सायकल असेल, किंवा तोंड असून न बोलणारं म्हातारं माणूस असेल. त्यांच्यावर माया करा, रोज करा, नेम मोडू नका. पण बाळांनो, पाणी घालण्याआधी एकदा ते स्वतः चाखून बघा.