उजवीकडे वळलेल्या गाठी

म्हाताऱ्याच्या मनात पाल चुकचुकली ती गाठीवरून. नर्सरीतल्या बारा शोभेच्या केळी त्यानं थंडीआधी स्वतः बांधल्या होत्या. बुंध्याभोवती पेंढा, वर गोणपाट, त्यावर सुतळी. म्हातारा डावखुरा, त्याच्या गाठीची टोकं डावीकडे वळायची. आज बघतो तर बाराच्या बारा गाठी उजवीकडे!

नर्सरीत उजव्या हातानं गाठ मारणारं माणूस एकच, सून. आणि सुनेच्या भावानं नुकतीच गावाच्या दुसऱ्या टोकाला नर्सरी काढलेली. इथं पाणी मुरत होतं, नाहीतर दुसरं काय!

या केळींना खाण्याजोगं फळ नाही. लोक न्यायचे ते पुरुषभर उंचीच्या पानांसाठी, बर्फातही कंद टिकतो म्हणून. म्हाताऱ्यानं वीस वर्षं जपलेलं वाण ते. बुडाशी फुटलेले मुनवे कुणी उपटून नेले, की वाण दुसऱ्याच्या हाती गेलंच.

"काय गं, माझ्या केळींना हात लावलास?" त्यानं दुपारी सुनेला विचारलं.

"जरा नीट केलं, बाबा," ती कुंडीतली माती चाळत म्हणाली. मान काही वर केली नाही.

"नीट? मी काय वाकडं बांधतो?"

ती माती चाळतच राहिली. चोराच्या मनात चांदणं, म्हातारा मनात म्हणाला. तणतणत गेला आणि कडेच्या तीन केळींच्या गाठी सोडून मुनवे मोजले. एकही कमी नव्हता. तरी त्याचं समाधान होईना. आज नाही नेले, उद्या नेईल! त्यानं तिन्ही केळी पुन्हा बांधल्या, दात-ओठ खात सुतळी आवळली आणि ओरडला, "उद्यापासून त्या वाफ्याकडे फिरकायचं नाही. कळलं?"

"बरं," सून म्हणाली.

रात्री कडाका पडला. सकाळी म्हातारा वाफ्यावर आला. कडेच्या तिन्ही केळींचे गोणपाट सुटून चिखलात पडले होते, बुंधे काळे पडून लिबलिबीत झाले होते. बाकीच्या नऊ ताठ उभ्या होत्या, उजवीकडे वळलेल्या गाठींसकट.

त्यानं आपले हात बघितले. पावसाळ्यातल्या आजारपणापासून डाव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. चहाचा कप दोनदा निसटला होता, तेव्हा त्यानं कपालाच शिव्या घातल्या होत्या.

सून कोयता घेऊन आली. "कंद जिवंत आहेत, बाबा. वरचं छाटू, वसंतात पुन्हा फुटतील."

"माझ्या गाठी सुटतात, हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस गं बये? चोर ठरवलं मी तुला!"

"बोलले असते, तर तुम्ही बांधायचंच सोडून दिलं असतं."

म्हाताऱ्याला लाज वाटली, डोळे भरून आले. सुनेनं कोयत्यानं काळे बुंधे छाटले. मग त्यानं पेंढा गोळा केला, छाटलेल्या बुंध्यावर दाबून धरला आणि खिशातली सुतळी तिच्यापुढे केली.

"मी धरतो. गाठ तू मार."