चाळीस वर्षांची काजळी

आमच्या आजोबांना माणसं चेहऱ्यावरून कळेनाशी झाली त्याला दोन वर्षं झाली. बाबांना ते कधी धाकटा भाऊ समजतात, कधी विमावाला. आईला सरळ नर्सच समजतात आणि डोकेदुखीची गोळी मागतात. या सगळ्यातून मी एकटी सुटले होते, कारण मी त्यांना भेटायला त्यांच्याच जुन्या सिमसन मोटरसायकलवरून जायचे.

आमच्या देशाचे दोन तुकडे करणारी भिंत पडायच्या आधी आजोबा आमच्याकडच्या मोटरसायकलच्या कारखान्यात होते. काम काय, तर ऐकायचं. खरंच! तयार गाडी चालू करायची, मान तिरकी करायची आणि म्हणायचं, ‘पास’ किंवा ‘परत’. त्यातलीच एक गाडी त्यांनी स्वतःसाठी घेतली आणि मी पंधरा वर्षांची झाल्यावर ती माझ्याकडे आली.

त्यांचा वृद्धाश्रम टेकडीवर आहे. रस्त्याला तीन वळणं. दर रविवारी कॉफी-केकच्या वेळेला मी दुसऱ्या वळणावर गिअर खाली टाकला, की गाडी पप्-पप् करून एकदा खर्रकन खोकायची. तिथल्या नर्स लीबेट्राउ बाई सांगायच्या, “तेवढं ऐकलं की हातातला कप खाली ठेवतात आणि म्हणतात, आली आमची ताबेआ!” मग मी दारात उभी राहिले की चेहरासुद्धा ओळखीचा वाटायचा. कानांनी एकदा ठरवलं की डोळे मुकाट्यानं ऐकायचे.

आता माझं बघा. या वर्षी मी केस कापले, वर्गासमोर न अडखळता वीस मिनिटं बोलले आणि गणितात चक्क पास झाले. मी अगदी हवेत होते. फक्त गाडी तेवढी म्हातारी होती. शाळेच्या फाटकात माझी मैत्रीण योसेफिन रोज मला छळायची.

“ताबे, तुझी गाडी येते की दम्याचा पेशंट येतो गं?”

“जळतेस तू.”

“मी कशाला? धूर तर तुझ्या गाडीतून निघतोय!”

चौदाव्या वर्षी आमच्याकडे सभागृहात समारंभ करून मुलांना ‘आता तुम्ही मोठे’ असं जाहीर करतात आणि सगळे नातेवाईक पाकिटं देतात. त्या पाकिटांतले जपून ठेवलेले पैसे काढून मी आता नवा सायलेन्सर घेतला. बाहेरच्या कंपनीचा, स्टीलचा, चकचकीत. त्यावर परवानगीचा शिक्का होता, म्हणून बाबाही काही बोलले नाहीत.

शनिवारी मी तो एकटीनं बसवला. एकटीनं! सिलिंडरजवळचा मोठा गोल नट हलेना, तेव्हा आकड्याचा पाना लावून त्याच्यावर अक्षरशः उभी राहिले. नवी नळी, नवा तांब्याचा वॉशर, वर कार्बोरेटरला पेट्रोल सोडणारा एक नंबर मोठा जेट. तेवढं न करता नुसता सायलेन्सर बदलणारे मग पिस्टन जाळून बसतात, हे आजोबांनीच शिकवलेलं. किक मारली आणि काय आवाज म्हणून सांगू! खोल, गोल, भरलेला. मी गॅरेजमध्ये नाचले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचे गुंटरकाका डोकावले. ते छाटलेल्या फांद्या जाळत होते.

“जुना सायलेन्सर फेकतेस की काय?”

“छे! राहू दे म्हटलं.”

“मग दे इकडे. आग पेटलेलीच आहे, जाळून साफ करून देतो.”

आमच्याकडे सगळेच असं करतात. पेट्रोलमध्ये ऑइल घालायच्या या गाड्या, त्यांच्या सायलेन्सरमध्ये आतून काजळीचा थर बसतो. आगीत टाकला की थर जळून जातो आणि पत्रा नव्यासारखा वाजतो. आजोबांनी मात्र त्यांचा कधीच जाळला नव्हता. त्याचं कारण मला कधी विचारावंसं वाटलं नाही. “घ्या ना काका, थँक यू!” असं म्हणून मी तो स्वतःच्या हातानं कुंपणावरून दिला.

रविवारी तिन्ही वळणं मी गाणं म्हणत चढले. खोलीत शिरले तर आजोबांच्या हातात कप तसाच.

“आजोबा, आवाज ऐकलात?”

त्यांनी लीबेट्राउ बाईंकडे पाहिलं. “या कोण?”

“अहो, ताबेआ!”

“नाही नाही,” ते अदबीनं म्हणाले, “ताबेआची गाडी मला कळते.”

मी हसले. ते गंमत करतायत असं वाटलं. मग त्यांनी मला ‘तुम्ही’ म्हणून खुर्ची दिली आणि माझं हसू तिथंच विझलं.

घरी आल्या आल्या कपडेही न बदलता नवा सायलेन्सर काढला. गुंटरकाकांनी जुना ब्रशनं घासून, पुसून पायरीवर ठेवलेला होता. आतून स्वच्छ, करडा. मी तो बसवला, जुना जेट परत घातला आणि किक मारली. छान वाजला. खणखणीत, एकसारखा. खोकला कुठंच नव्हता.

“काका, हा पहिल्यासारखा कधी होईल?”

“पहिल्यासारखा म्हणजे? आता तर चांगला झालाय!” मी रडायला लागल्यावर ते घाबरले. “अगं पोरी... काजळी बसेल परत. चालवत राहा.”

“किती?”

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. “तुझ्या आजोबांनी चाळीस वर्षं चालवली गं.”

मी चालवली. पेट्रोलमध्ये दुप्पट ऑइल घालून, शाळेला लांबच्या रस्त्यानं, जंगलातून, पावसातून. योसेफिननं माझ्या धुरावरून एक शब्द काढला नाही. तिला सगळं सांगितलं होतं, म्हणून ती मागे बसून यायची आणि दर थांब्यावर विचारायची, “काही फरक?” दोनदा प्लग काळा पडून गाडी रस्त्यात बंद पडली. सायलेन्सरमध्ये मात्र बोटाला लागेल एवढीच काजळी जमली.

दर रविवारी मी दुसऱ्या वळणावर गिअर खाली टाकते. दर रविवारी वर कप हातातच असतो.

मागच्या रविवारी आजोबा खिडकीशी बसले होते. “बसा,” म्हणाले. “माझी नात यायची आहे. गाडीवरून येते ती.”

आधी मी वाद घालायचे. फोटो दाखवायचे, शाळेचं ओळखपत्र दाखवायचे. त्या दिवशी नुसती बसले.

“कशी आहे हो तुमची नात?”

“बडबडी!” त्यांचा चेहरा उजळला. “पाना धरायला मीच शिकवलं तिला. हल्ली येत नाही. रागावली असेल माझ्यावर.”

“नाही हो,” मी म्हणाले. “कामात असेल. येईल.”

खाली रस्त्यावर गाडीचा आवाज आला. त्यांनी मान तिरकी केली, मीही केली. बेकरीची गाडी होती. “ही नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतःचा केक मधोमध कापला आणि अर्धा माझ्यापुढे सरकवला. शेजारी रुमालाखाली दुसरा तुकडा झाकलेला होता. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

“हा माझ्यातला घ्या,” ते म्हणाले. “तो तिचा आहे.”

मी घेतला आणि खाल्ला.