फाईलमधला कमलेश

रुचिताला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा गावात पेढे वाटले ते भावकीतल्या चांगोकाकांनी, आणि भाव खाल्ला तोही त्यांनीच. "आमची पोरगी आता कॉम्प्युटरवरचे चोर धरनार हाय," असं ते कर्जतच्या बाजारापासून कडावच्या नाक्यापर्यंत भेटेल त्याला सांगत सुटले होते. रुचिताची आई सोनुबाई मात्र गप्प होती. तिनं एक पेढा देवापुढं ठेवला आणि एक कमलेशच्या फोटोपुढं. मग पदर डोळ्याला लावून भात लावायला निघून गेली.

कमलेश म्हणजे रुचिताचा थोरला भाऊ. बाप लहानपणीच गेलेला, त्यामुळं बारावीनंतर पोरानं शिक्षण सोडलं आणि खालापूरकडच्या एका फार्महाऊसवर बुकिंगच्या कामाला लागला. निदान घरी तरी त्यानं तसंच सांगितलं होतं. दिवसभर फोनवर गोड बोलायचं, मुंबईच्या लोकांना खोल्या द्यायच्या. त्यात कुणाला वावगं वाटायचं कारण नव्हतं, कर्जत-खालापुरात आता शेतापेक्षा फार्महाऊसं जास्त झालीत. रुचिताच्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची फी त्यानंच भरली. पुढं शिळफाट्याला ट्रेलरखाली त्याची बाईक गेली, तो गेला, फोनचाही चुरा झाला. त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

आता ही शिष्यवृत्ती. सरकार काही फुकट देत नाही हो! सायबर सुरक्षा शिकणाऱ्या पोरांची फी भरायची, खर्चाला पैसे द्यायचे, आणि पदवी झाली की काही वर्षं सरकारी खात्यातच राबवून घ्यायचं, असा तो करार. शेवटच्या वर्षाआधीच्या सुट्टीत एका सायबर कक्षात उमेदवारी करायची. आणि एक अट फार कडक. घरातला कुणी असल्या गुन्ह्यात निघाला, तर सेवेची मंजुरी नाही, आणि सेवा नाही तर शिष्यवृत्तीही नाही. रुचितानं ती अट वाचली तेव्हा तिला हसूच आलं होतं. आपल्या घरात आईला साधा फोन उचलता येत नाही, गुन्हा करणार कोण?

तिला खालापूरच्या एका जुन्या सरकारी इमारतीत नेमलं. तिथले अधिकारी घोलपसाहेब, साताऱ्याकडचे, बोलायला तुसडे पण माणूस सरळ. त्यांनी तिला फसवणुकीच्या तक्रारींबरोबर आलेली संभाषणं ऐकायला बसवलं. चोर कुठली भाषा बोलतो, कशाची भीती घालतो, मागं कुठले आवाज येतात, ते टिपायचं. कंटाळवाणं काम, पण रुचिताचा कान तिखट. दोन दिवसांत तिनं एका टोळीच्या मागं वाजणारा कारखान्याचा भोंगा ओळखला, आणि घोलपसाहेब चक्क "बरं आहे" म्हणाले.

मग एका दुपारी तिनं इंदूबाईंची दोन-अडीच वर्षांपूर्वीची फाईल उघडली.

इंदूबाई माथेरानला खानावळ चालवणाऱ्या एकट्या म्हाताऱ्या बाई. विसरायच्या फार, म्हणून त्यांच्या भाच्यानं फोनवरचं सगळं बोलणं आपोआप साठेल अशी सोय करून ठेवली होती. त्यांना एक दिवस फोन आला, मी दिल्लीहून इन्स्पेक्टर सक्सेना बोलतोय, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात अमली पदार्थ आहेत. आता फोन बंद करायचा नाही, घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, तुम्ही अटकेत आहात. असल्या अटकेला ना बेडी लागते ना कोठडी, म्हातारं माणूस स्वतःच्या घरात स्वतःला कोंडून घेतं.

रुचिता ऐकत होती. इन्स्पेक्टरची हिंदी जाड होती, मुद्दाम आवाज घोगरा केलेला. इंदूबाई रडत होत्या, मराठीतून विनवत होत्या. बँकेतले सगळे पैसे तपासासाठी सरकारी खात्यात टाका, म्हणून तो धमकावत होता. मग बाई घाबरत घाबरत म्हणाल्या, "साहेब, दिवेलागण झाली. तेवढा दिवा लावून येऊ का?"

आणि मग तोच माणूस, पण घोगरेपणा गळून पडलेला, स्वच्छ मराठीत म्हणाला, "लावा, आजी. आधी दिवा लावा. आन् पैसे आता नका पाठवू. तिन्हीसांजेची लक्ष्मी घराबाहेर काढू नये. सकाळी पाठवा."

रुचितानं हेडफोन ओरबाडून काढला. कोपऱ्यातला पंखा फिरत होता, शिपाई चहा घेऊन आला होता. तो आवाज कुणाचा हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तो तिला शाळेला उशीर होतोय म्हणून रोज हाका मारायचा. आणि तिन्हीसांजेचं ते बोलणं तर तिच्या आईचं होतं. शेजारीण वाटीभर मीठ मागायला आली तरी सोनुबाई म्हणायची, "दिवे लागलं गं बाय, आता नाय देत, सकाळी ने."

पुढचं ऐकायची तिची छाती झाली नाही. पुढं काय झालं ते फाईलमध्ये होतंच. इंदूबाईंनी दिवा लावला, रात्र काढली, आणि सकाळी सांगितल्याप्रमाणं होतं नव्हतं ते सगळं पाठवून दिलं. पुढं त्या भाच्याकडं राहायला गेल्या. तिथं जेवणावरची वासनाच उडाली त्यांची, आणि काही महिन्यांत गेल्या. अरे, दिव्याचा एवढा मान राखलास, मग त्या म्हातारीचा का नाही राखलास? रुचिता मनातल्या मनात त्याला हेच विचारत राहिली.

त्या दिवसापासून कमलेश परत आला. भूतबित काही नाही, नुसता आवाज. कर्जत स्टेशनात गाडीची घोषणा व्हायची आणि तिला वाटायचं, हा तोच बोलतोय. मोबाईल कंपनीचा माणूस फोनवर "नमस्कार" म्हणाला तरी ती दचकून फोन ठेवायची. सर्वांत वाईट वेळ दिवेलागणीची. आई निरांजनात वात सारायची, काडी ओढायची, आणि रुचिताच्या अगदी कानाशी कुणीतरी हळूच म्हणायचं, आधी दिवा लावा. एकदा तर ती किंचाळलीच. सोनुबाई काडी टाकून धावली.

"काय झालं गं? काय दिसलं का तुला?"

"नाय आई. पाल होती."

"पालीला भियाला लागलीस व्हय? पोलिसात जानार हायस तू!" सोनुबाई हसली. कितीतरी दिवसांनी हसली होती बिचारी. रुचिताला तिच्याकडं बघवेना.

न सांगता निभलं असतं. कमलेशचा आवाज त्या खोलीत दुसरं कोण ओळखणार होतं? पण आठवड्याभरात रोह्याच्या एका पेन्शनर माणसाची नवी तक्रार आली. तेच पार्सल, तोच इन्स्पेक्टर सक्सेना, फक्त बोलणारा पोरगा वेगळा. म्हणजे कमलेश मेला तरी दुकान चालू होतं आणि त्याच्या जागेवर दुसऱ्याच कुणाचा तरी कमलेश बसला होता. त्या दुपारी रुचिता उठली आणि घोलपसाहेबांच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, इंदूबाईंच्या फाईलमधला आवाज माझ्या भावाचा आहे."

घोलपसाहेबांनी चष्मा काढला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या एकटीच्या सांगण्यावर मला नाव लावता येत नाही. घरातल्या आणखी कुणीतरी आवाज ओळखायला हवा. ओळखला, तर तो कुठं कामाला होता, कुणाबरोबर होता, तिथून आम्ही टोळीपर्यंत जाऊ. पण मग तुझी शिष्यवृत्ती जाईल, हे तुला कळतंय ना? नाही ओळखला, तर तुझं म्हणणं नुसता संशय म्हणून राहील. तुला मी दुसरीकडं पाठवीन आणि तुझं शिक्षण चालू राहील."

"घरात आईच आहे," रुचिता म्हणाली.

"मग आईला घेऊन ये."

आईला सांगायचं कसं? रुचितानं सरळ सांगून टाकलं, चुलीपुढं बसून. सोनुबाईला आधी ते खरंच वाटेना. "आपला कमल्या आन् इन्स्पेक्टर? येडी का खुळी तू? त्याला पोलीस बघितला का घाम फुटायचा." मग रुचितानं ते तिन्हीसांजेचं सांगितलं. सोनुबाईच्या हातातली भाकरी तव्यावर करपली तरी तिनं उलटली नाही.

सकाळी चांगोकाका आले. त्यांना कुणी बोलावलं होतं देव जाणे, पण गावात अशी बातमी कुंपणावरून उडी मारते. ते ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि थेट मुद्द्यावर आले.

"वयनी, ऐक माझं. गेला त्याचं आता काय वाकडं व्हनार नाय. ह्या पोरीचं मात्र समदं जाईल. तिथं जायचं, त्यो आवाज ऐकायचा आन् म्हनायचं, ह्यो माझा नाय. येवढंच. जमंल ना?"

"काका, खोटं बोलायला शिकवू नका तिला," रुचिता तडकली.

"तू गप गं! राजा हरिश्चंद्र मोठी! तुला शिकवायला तुज्या आयनं हाडाची काडं केली ती असं दगड मारून घ्यायला?"

"भांडू नका," सोनुबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी कोरडा होता. "म्हनंन मी. ह्यो माझा नाय, असं म्हनंन."

रुचिता काही बोलायला गेली, तर आईनं तिला हातानंच थांबवलं. एक लेकरू हातचं गेलेल्या बाईनं दुसरं घट्ट धरून ठेवलं होतं. तिला काय सांगणार, त्या रोह्याच्या म्हाताऱ्याचं?

कर्जतहून टमटमनं दोघी निघाल्या. सोनुबाई लग्नाकार्याचं लुगडं नेसली होती. वाटेत तिचे ओठ सारखे हलत होते. रुचिता जरा वाकली तेव्हा तिला ऐकू आलं. आई पाठ करत होती, ह्यो माझा नाय, ह्यो माझा नाय. शाळेतलं पोर कविता पाठ करतं तशी. शिळफाटा आला तेव्हा तिनं तोंड फिरवून घेतलं आणि पाठ करणं तेवढं थांबलं.

कक्षात घोलपसाहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "मावशी, घाई नाही. नीट ऐका, आणि जे खरं वाटेल तेच सांगा." खोलीत सगळ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून हेडफोन होता. त्याची दुसरी जोडी घोलपसाहेबांनी स्वतः लावली. रुचितानं आईच्या डोक्यावरचा पदर सारखा करून हेडफोन तिच्या कानांवर बसवला.

साहेबांनी सुरू केलं. रुचिताला काही ऐकू येत नव्हतं, फक्त आईचा चेहरा दिसत होता. आधी तो चेहरा दगड होता. जाड हिंदी चालू असणार. मग एका क्षणाला आईचे डोळे मोठे झाले, आणि तिनं दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. मग डोळे मिटले. रुचिताला कळलं, तिन्हीसांजेचं बोलणं आलं.

साहेबांनी थांबवलं. "ओळखता का, मावशी?"

सोनुबाईनं डोळे उघडले. एकेक शब्द विळ्यानं कापल्यासारखा म्हणाली, "नाय साहेब. ह्यो माझा नाय."

"नक्की?"

"नक्की. ह्यो माझा कमलेश नाय."

रुचितानं मान खाली घातली. तिचं शिक्षण वाचलं होतं, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घोलपसाहेबांनी सुस्कारा टाकला आणि लिहायला पेन उचललं. पण सोनुबाईनं हेडफोन काढला नाही. ती तशीच बसून राहिली.

"मावशी, झालं आता."

"साहेब," सोनुबाई म्हणाली, "पुढं हाय का आजून?"

"आहे थोडं. पण त्याची गरज नाही."

"लावा ना. नक्की तर झालंच हाय. नुसतं ऐकते."

घोलपसाहेबांनी तिच्याकडं बघितलं, रुचिताकडं बघितलं. मग काय वाटलं त्यांना कुणास ठाऊक, त्यांनी हेडफोनची पिन उपसली आणि पुढचं सुरू केलं. आता आवाज खोलीत आला.

काडी ओढल्याचा आवाज. इंदूबाई पुटपुटत होत्या, देवाचं काहीतरी म्हणत होत्या. पलीकडचा पोरगा थांबून राहिला होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मग त्या म्हाताऱ्या बाईचा, जिला तो लुबाडत होता त्या बाईचा, थकलेला आवाज आला.

"साहेब, तुम्ही सकाळपासून माझ्यासंगं बसलाय. काही खाल्लंत का हो?"

मग कमलेश म्हणाला, अगदी हळू, "नाय आजी. सकाळपासून काय नाय."

"का रं?" सोनुबाई बोलून गेली. "का नाय जेवलास, बाळा?"

घोलपसाहेबांचा हात कागदावर थांबला. रुचितानं आईचा खांदा धरला. पण सोनुबाईला आता ना साहेब दिसत होते, ना लेक. ती त्या बोलणं संपून बंद झालेल्या स्पीकरकडं कान करून, उत्तराची वाट बघत बसली होती.