बाबलीच्या गरीचा प्लग

आमची जुनी फियाट न्यायला भंगारवाल्याचा टेम्पो बुधवारी दहाला येणार, हे चंदनने मला मंगळवारी सकाळी पेज जेवताना सांगितलं. माझा मुलगा असल्या गोष्टी जेवतानाच काढतो. तोंडात घास असला की आई बोलणार नाही, अशी त्याची समजूत.

"माई, निलेश मेकॅनिकान बॅटरी चार्ज केल्यान, नवे प्लग घातल्यान. तरी गाडी खोकता नि बंद पडता. इंजिन गेला."

"प्लग चुकीचे आसत," मी म्हटलं.

"फोनवर गाडीचा वर्स घालून मागवल्यान तेणां. तुका प्लगातला काय कळता?"

माझं डोकंच फिरलं. चंदनचे वडील आचऱ्यात तीस वर्षं ही फियाट टॅक्सी म्हणून चालवत होते. दर रविवारी ते चारही प्लग उतरवून पडवीत ठेवायचे आणि घासायला बसायची मी. गगनबावड्याच्या घाटात इंजिनाचं हेड तडकलं, तेव्हा कोल्हापूरच्या गॅरेजात दोन दिवस पालथ्या खोक्यावर मीच बसले होते. तिथे दुसऱ्या गाडीचं जाड हेड बसवलं आणि तेव्हापासून या गाडीला लांब आट्यांचे प्लग लागतात. आखूड प्लग घातला तर ठिणगी भोकातच पडते, मग गाडी खोकेल नाहीतर काय करेल? फोन गाडीचं वर्ष विचारतो. तिच्यावर काय काय गुजरलं, ते विचारत नाही.

"उद्या धापर्यंत गाडी सुरू झाली तर टेम्पो रिकामो जातलो," मी म्हटलं. "कबूल?"

"कबूल," चंदन हसला. ते हसणं मला फार लागलं.

आता नमुन्याला जुना प्लग हवा. पण आमच्याकडे जुना प्लग कोणी फेकत नाही, मासे धरायच्या गरीला वजन म्हणून बांधतात. निलेश एवढा मेकॅनिक म्हणवतो, पण एकही मागे न ठेवता त्याने चारही प्लग शेजारच्या बाबलीला देऊन टाकले होते.

बाबली खाडीवर गरी टाकून बसला होता.

"माझे प्लग खंय आसत रे?"

"तीन खडपात अडाकले गो वैनी. एक ह्यो काय, पाण्यात आसा."

"ओढ आणि काप."

"आता? मासो लागतलो!"

"लागलो तर मी भाजून घालतंय तुका. काप आधी. उद्या एकाच्या बदल्यात चार देतंय."

कुरकुरत त्याने दोरी कापली. लोखंडाला गंज चढला होता, पण आटे शाबूत होते. घरी येऊन मी तो कोकमाच्या आंबट आगळात भिजवला आणि काथ्याने घासला. पांढऱ्या चिनी मातीवर दोन अक्षरं आणि एक आकडा उमटला. तिसरं अक्षर खाऱ्या पाण्याने खाल्लं होतं. मग निलेशचा एक प्लग उतरवून शेजारी धरला. त्याचे आटे निम्मेच होते. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले.

दुपारच्या एसटीने मालवण गाठलं. दुकानदाराने फोन हातात घेऊन विचारलं, "काकी, गाडी कुठली? मॉडेल?"

"मॉडेल विचारू नका. हा बघा."

"यावरचं एक अक्षर गेलंय. असा नक्की कसा देणार?"

"आटे मोजा. पाना लावून बघा. टोक बघा, किती बाहेर आलंय ते. आणि उरलेला आकडा जुळवा. एवढं जुळलं की द्या."

तो कंटाळला, पण मी काउंटर सोडला नाही. सहा खोकी उघडायला लावली. सहाव्या खोक्यातला प्लग माझ्या गंजक्या प्लगाशेजारी ठेवला, तेव्हा तोच म्हणाला, "हाच."

बुधवारी सकाळी साडेनवाला मी पदर खोचला. चंदन आणि निलेश पायरीवर चहा पीत बघत होते. प्लगाची फट मी करवतीच्या पात्याने तपासली, जशी हे तपासायचे. प्रत्येक प्लग आधी बोटांनी फिरवला आणि मग पाना लावला. एक वायर काढायची, एक प्लग बदलायचा, तीच वायर परत लावायची. घाई केली नाही.

तेवढ्यात टेम्पो येऊन बेड्याशी, अंगणाच्या फाटकातच आडवा उभा राहिला. मी गाडीत बसून चावी फिरवली. गाडी खोकली. निलेश गालात हसला. मी परत फिरवली. तिसऱ्या वेळी इंजिनाने सूर धरला आणि सोडला नाही. पडवीतली कोंबडी उडाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही.

चंदन कप ठेवून पुढे आला. "ऱ्हवांदे गाडी, माई. तू जिंकलंस. आता उतर, मी शेडीत लावतंय."

"शेडीत नको. टेम्पो मागे घेऊक सांग."

"तू चालवतलंस? तुका येता?"

"तू जन्माक येवच्या आधीपासून येता. सुकतीक, दर्याचा पाणी मागे गेला काय, पुळणीर शिकवल्यानी तुझ्या बापाशीन. लायसनपण आसा, अजून चालता. तुमच्यापैकी कोणी विचारलास कधी?"

चंदनने टेम्पोवाल्याला हात केला. त्याने टेम्पो मागे घेतला. मी निलेशचे चार आखूड प्लग शेजारच्या सीटवर ठेवले, पहिला गिअर टाकला आणि खाडीकडे निघाले. बाबली वाट बघत असणार.